ओला हात चालतो: नोकिया १०५ आणि मला सुचलेली जाहिरात

मासळी विकणाऱ्या बाईसाठी फोन घ्यायचा तर आधी तिचा हात बघावा. माझ्या आईचा हात सकाळपासून रात्रीपर्यंत ओलाच असतो. बर्फाचं पाणी, खारं पाणी, बांगड्याचं रक्त, मनगटापर्यंत चिकटलेले खवले, कुठेतरी बोटाला अडकलेली कोळंबीची मिशी. असा हात टचस्क्रीनला लागला की फोन ऐकतच नाही. कॉल उचलायला जावं तर कट होतो, कट करायला जावं तर भलत्यालाच लागतो. समोर गिऱ्हाईक उभं, लिलाव चालू, आणि ही पदराला हात पुसत बसलेली. म्हणून गेल्या मोसमात बोटी समुद्रात जायच्या आधीच मी दापोलीच्या बाजारपेठेतून तिच्यासाठी नोकिया १०५ घेतला.

हे २०२३ चं मॉडेल. त्या वर्षी मे महिन्यात भारतात आलं तेव्हा कंपनीने किंमत १,२९९ रुपये ठेवली होती. नोकियाचं नाव लावून हा फोन एचएमडी ह्या फिनलंडच्या कंपनीने काढला. बटणं आहेत, टॉर्च आहे, इयरफोन न लावता चालणारा एफएम रेडिओ आहे. बॅटरी १,००० एमएएचची, पाठीचं झाकण नखाने उघडून काढता येते. कॅमेरा नाही, व्हॉट्सअॅप नाही. आईला विचारलं, कसा वाटतो? हातातली पाटी खाली न ठेवता ती म्हणाली, "ह्याला ओला हात चालतो गो. बास."

रत्नागिरीत मी मास मीडियाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. त्याच सुमारास मॅडमनी काम दिलं होतं: मोबाइलची टीव्हीसाठी ३० सेकंदांची जाहिरात लिहा, कंपनी तुमच्या पसंतीची. वर्गात बहुतेकांनी कॅमेऱ्यावर लिहिलं. डोंगर, मावळता सूर्य, उडणारे केस, फोटो. माझ्या डोक्यात आईचं वाक्य बसलं होतं. रत्नागिरी–दापोली एसटीत खेड येईपर्यंत पहिला खर्डा वहीत उतरला, आणि घरी पोचल्यावर मी सरळ आमच्या हर्णै बंदरावर गेले, लिहिलेलं खरंच तसं दिसतं का ते बघायला. त्यामुळे हा फोन कसा आहे हे सांगताना माझी जाहिरातही सांगावी लागणार, कारण हा फोन मला नीट कळला तो ती जाहिरात लिहिताना.

टचस्क्रीन ओल्या हाताला का दाद देत नाही, हे मी समजून घेतलं. ह्या स्क्रीनवर विजेचं बारीक क्षेत्र असतं. बोट टेकलं की तिथला भार बदलतो आणि फोनला कळतं की बोट इथे आहे. पाण्यातूनही वीज वाहते, खाऱ्या पाण्यातून तर जास्तच. मग स्क्रीनवरचा प्रत्येक थेंब फोनला बोटासारखा वाटायला लागतो. बटणाला ह्यातलं काही लागत नाही. खाली दाबलं, आत टेकलं, काम झालं. नोकिया १०५ ची बटणं उंच आहेत, हिरवं आणि लाल बटण टोकांना आहे, आणि आईचा अंगठा न बघता तिथे जातो. सौंदाळे निवडता निवडता ती कमरेच्या पिशवीतून फोन काढते, मधल्या बोटाच्या सांध्याने हिरवं बटण दाबते, फोन कान आणि खांद्यात धरते आणि दोन्ही हात पुन्हा पाटीत. सांध्याने दाबते, कारण बोटाची टोकं खवल्यांनी भरलेली असतात. मी हे इतक्या जवळून पहिल्यांदा पाहिलं ते ह्या कामाच्या निमित्तानेच.

ह्याआधी तिच्याकडे एक स्मार्टफोन होता. कंपनीचं नाव लिहीत नाही. डब्यावर पाण्याचा थेंब छापलेला होता आणि जाहिरातीत त्या फोनवर पाणी उडताना दाखवायचे. दुसऱ्या पावसाळ्याच्या आत त्याचं चार्जिंग बंद पडलं. सर्व्हिस सेंटरवाल्यांनी उघडून न बघता सांगितलं की पाणी गेलंय, वॉरंटीत बसत नाही. शेवटी दापोलीच्या मोबाइल दुरुस्तीवाल्या दादांनी तो उघडला आणि भिंगाखाली चार्जिंगची पिन मला दाखवली. तांब्याच्या बारीक पट्ट्यांवर हिरवट पापुद्रा चढला होता. ते म्हणाले, हर्णै, आंजर्ले, दाभोळ, जिथून फोन येतो तिथली पिन अशीच असते. फोन पाण्यात पडायची गरजच नसते, खारी हवा आणि ओला हात पुरतो.

हे ऐकल्यावर मी जाहिरातींकडे वेगळ्या नजरेने बघायला लागले. फोन पाण्यात बुडवण्याचा शॉट सगळ्यांना आवडतो, पण धूळ-पाण्यापासून फोनचा किती बचाव होतो हे सांगणारे आयपी६७ किंवा आयपी६८ हे आकडे येतात ते गोड्या, स्वच्छ पाण्यातल्या चाचणीवरून. समुद्राचं पाणी त्यात धरलेलं नसतं. ऑस्ट्रेलियात सॅमसंगने २०१६ ते २०१८ ह्या काळात गॅलॅक्सी फोन स्विमिंग पूलमध्ये आणि समुद्रात वापरता येतील असं दाखवणाऱ्या जाहिराती केल्या होत्या. तिथल्या ग्राहक आयोगाने कोर्टात खेचलं, आणि जून २०२२ मध्ये १ कोटी ४० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड झाला. मुद्दा हाच होता की चार्जिंगच्या पिनची जागा ओली असताना चार्जर लावला तर ती गंजू शकते. मला ही बातमी वाचून बरं वाटलं. आपल्या दाराशी समुद्र आहे, रोजची भाकरी त्यातून येते. त्याच समुद्रात फोन बुडवून दाखवायचा आणि पुढे फोन बिघडला की हात वर करायचे, हे मला मान्यच नाही.

नोकिया १०५ ला आयपी५२ आहे. म्हणजे धुळीपासून बऱ्यापैकी बचाव, आणि फोन १५ अंशांपर्यंत कलला असताना वरून ठिबकणारं पाणी चालतं. एवढंच. पाण्यात पडला तर काही खरं नाही. माझ्या जाहिरातीत म्हणूनच एकही थेंब फोनवर मुद्दाम टाकायचा नाही, हे मी वहीच्या वरच्या ओळीतच लिहून ठेवलं. हात ओला, फोन कोरडा.

जाहिरात लिहायच्या आधी मी चांगल्या जाहिराती पुन्हा पाहिल्या. २००३ ची हच ह्या मोबाइल कंपनीची, पोराच्या मागे मागे जाणारा तो छोटा पग कुत्रा. त्यात फोन विकायची घाई कुठेच नाही. नेटवर्क कसं असावं एवढं कुत्र्याने चालून दाखवलं आणि लोकांना कळलं. २००९ च्या आयपीएलमध्ये आलेले व्होडाफोनचे झूझू ही खरी माणसं होती, पांढरे सूट घालून नाचवलेली, हे कळल्यावर आमच्या वर्गात सगळे थक्क झाले होते. पण मला सर्वांत जवळची वाटते ती जाहिरातीच्याही आधीची एक गोष्ट: नोकिया ११००. २००३ मध्ये आलेला हा फोन धूळ आणि घाम धरून बनवला होता. कीपॅडवर सलग आवरण, हातातून निसटू नये म्हणून कडा खडबडीत, वर टॉर्च. जगभरात तो २५ कोटींच्या घरात खपला. आमच्या बाबांकडे तो होता, काळा. पहाटे बोटीवर जाताना टॉर्च लावून जायचे. काम करणाऱ्या माणसाचा हात बघून वस्तू बनवली की जाहिरातीला अर्धं काम उरतं, असं मला त्यावरून वाटतं.

आता माझी जाहिरात.

सुरुवातीला काळा पडदा, फक्त आवाज. लिलाव पुकारणाऱ्याचा. हर्णैचा लिलाव ज्याने ऐकलाय त्याला माहीत आहे की तो आवाज चढत जातो, मध्ये श्वास घेत नाही. संगीत घालायचं नाही. कोळी माणूस जाहिरातीत आला की लगेच लुगडं, डोक्यावर टोपली, कोळीगीत आणि नाच. आमच्या आयाबायांना मी नाचताना बघते ते हळदीत आणि नारळी पौर्णिमेला. लिलावाच्या वेळी त्या हिशेब करत असतात. म्हणून आवाज लिलावाचाच.

मग पडदा उघडतो तो वाळूवर. मागे सुवर्णदुर्ग, पण धूसर, कारण किल्ला दाखवायला लागलो की ती पर्यटनाची जाहिरात होते. हर्णैला बऱ्याच बोटी थेट काठाला लागत नाहीत. आत पाण्यात नांगर टाकतात, छोट्या होड्या मासळी आणतात आणि बैलगाड्या ती ओल्या वाळूवरून वर ओढतात. गाडीचं चाक फ्रेममधून जातं आणि त्याच्या मागे दोन हात दिसतात. क्लोजअप. बांगडे निवडणारे हात. मोठा इकडे, छोटा तिकडे. नखात खवले, बोटात बारीक चांदीची अंगठी, तिच्यातही खवला अडकलेला. इथे कॅमेऱ्याने घाई करायची नाही. सहा सेकंद नुसते हात.

फोन वाजतो. साधी रिंगटोन, मोठी. एक हात कमरेच्या पिशवीत जातो. बोटाचा सांधा हिरव्या बटणावर टेकतो. पलीकडून बाईचा आवाज: "मावशी, सुरमई आली?" चेहरा आता पहिल्यांदा दिसतो, फोन खांद्यात. "आली. मोठी आहे, अर्धी ठेवू का अख्खी?" एवढं बोलता बोलता ती लिलावात हात वर करते आणि आकडा पुकारते, पलीकडच्या बाईला वाटतं आपल्यालाच सांगितलं. ह्या जागी प्रेक्षक हसतील, आणि ते हसणं आमच्यावरचं नसेल, कारण ती बाई दोन व्यवहार एकदम सांभाळतेय हे त्यांना दिसलेलं असेल.

दुसरा फोन. आता ती बघतसुद्धा नाही, सांधा आपोआप बटणावर. बोटीवरून नवऱ्याचा आवाज, वारा आणि इंजिन. "बंदरात शिरतोय. बर्फ सांग." ती बर्फवाल्याकडे मान वळवते. ह्या शॉटबद्दल मी फार विचार केला. मोबाइलची रेंज किनाऱ्यापासून काही अंतरापर्यंतच असते, पुढे बोटीवर वायरलेस सेट लागतो. म्हणून नवऱ्याची बोट आत खोल समुद्रात दाखवायची नाही. किल्ल्याच्या बाजूला, काठ दिसत असताना त्याने फोन करायचा. तेवढं खरं राहिलं पाहिजे, नाहीतर बंदरावरचं शेंबडं पोरही टीव्हीसमोर बसून म्हणेल, असं कुठे असतं?

शेवटचे चार सेकंद: पाटीच्या कडेला ठेवलेला फोन, त्याच्या शेजारी तिचा पालथा ओला हात. अक्षरं येतात, "ओला हात चालतो." आणि कंपनीचं नाव. बोलणारा कोणी नाही.

शूटिंगची वेळसुद्धा लिहून ठेवली. संध्याकाळी चार-पाचचा लिलाव, कारण हर्णैचा किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे आणि त्या वेळी खवल्यांवर जो उजेड येतो तो स्टुडिओत होणार नाही. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, तेव्हा बोटी शाकारलेल्या असतात, म्हणून तो काळ सोडायचा. आणि बाई खरीच हवी. नटीला सांध्याने बटण दाबायला शिकवता येईल, पण मासा न बघता निवडणं शिकवायला वर्षं लागतील.

मॅडमनी स्टोरीबोर्ड, म्हणजे शॉटवार काढलेला आराखडा, बघितला आणि पहिलं विचारलं, फोनची खासियत कुठे आहे? फोन तर जेमतेम तीन शॉटमध्ये आहे. मी म्हटलं, हातात आहे. त्या थोडा वेळ पानं उलटत राहिल्या आणि म्हणाल्या की टीव्हीवर वेळ दहा-दहा सेकंदांच्या हिशेबाने विकत घ्यावा लागतो, ३० सेकंद परवडले नाहीत तर २० मध्ये काय ठेवशील? घरी येऊन कात्री लावली. नवऱ्याचा फोन गेला, बैलगाडी गेली, किल्ला गेला. हात राहिले, सुरमईवाली बाई राहिली, लिलावाचा आवाज राहिला. २० सेकंदांची जास्त चांगली झाली आहे असं माझं स्वतःचं मत आहे. बाबांना मात्र पटलेलं नाही.

आता फोनच्या मर्यादा, कारण जाहिरातीत त्या येणार नाहीत आणि घेणाऱ्याला माहीत पाहिजेत. हा २जी फोन आहे. जिओचं सिम ह्यात चालत नाही, कारण जिओचं जाळं ४जी पासूनच सुरू होतं. कंपनीने ह्याच्याबरोबरच १०६ ४जी नावाचा भाऊ काढला होता, तेव्हा २,१९९ रुपयांना. ज्यांच्या वाडीत फक्त जिओची रेंज येते त्यांनी तो बघावा. स्क्रीन पावणेदोन इंचांच्या आसपासचा, वयस्कर माणसाला मेसेज वाचायला चष्मा लागतोच. बाजाराचे भाव ज्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर येतात ते ह्यावर दिसणार नाहीत. आई ते शेजारच्या काकूंना विचारते.

पैशांचं काय, हे बरेच जण विचारतात. आईच्या पाटीवर क्यूआर कोड आहे, तो मी माझ्या मोबाइलवरून काढून लॅमिनेट करून दिलाय. गिऱ्हाईक स्कॅन करतं, बँकेचा मेसेज आईच्या फोनवर येतो, ती आकडा वाचते आणि मगच मासळी पिशवीत टाकते. स्वतः पैसे पाठवायचे असतील तर ह्या फोनवर यूपीआय १२३पे वापरता येतं. रिझर्व्ह बँकेने मार्च २०२२ मध्ये साध्या फोनसाठी ती सोय सुरू केली, इंटरनेट लागत नाही, फोन करून आकडे दाबत जायचं. आई ते वापरत नाही. तिला द्यायचे पैसे रोख द्यायलाच आवडतात, बर्फवाल्याला आणि टेम्पोवाल्यालाही रोखच हवे असतात.

बॅटरीचं मोल दापोली तालुक्यात कोणाला समजावून सांगायला नको. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा मी शाळेत होते. विजेचे खांब आडवे, टॉवर बंद, कौलं उडालेली, नारळ-पोफळी मुळासकट पडलेल्या. लाइट यायला काही वाड्यांत आठवडे लागले. जिथे उंचावर थोडी रेंज मिळायची तिथे लोक चालत जायचे, मुंबईच्या नातेवाइकांना एवढंच सांगायला की आम्ही बरे आहोत. स्मार्टफोनवाल्यांचं चार्जिंग तोवर संपलेलं, टेम्पोच्या बॅटरीवर रांगा लागलेल्या. बटणाचा फोन ज्याच्याकडे होता त्याच्याभोवती माणसं जमायची, प्रत्येकाला एक मिनिट. आमच्या आळीत तो बाबांचा जुना फोन होता. त्यामुळे आज कोणी विचारलं की घरात स्मार्टफोन असताना हा कशाला, तर माझं उत्तर तयार असतं. किनाऱ्यावरच्या प्रत्येक घरात असा एक फोन चार्ज करून ठेवलेला असावा, टॉर्च आणि रेडिओसकट.

घेणाऱ्यांना तीन गोष्टी सांगते. दुकानात तुमचं स्वतःचं सिम घालून कॉल लावून बघा, दुकानदाराच्या सिमवर नको, आणि शक्य झालं तर घरी नेऊन वाडीत रेंज कशी येते ते त्याच दिवशी बघा. रिचार्ज करताना डेटाचा पॅक गळ्यात मारून घेऊ नका. डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, मोबाइल कंपन्यांना फक्त कॉल आणि एसएमएसचे वेगळे पॅक ठेवायला सांगितलं आणि जानेवारी २०२५ पासून ते आले आहेत. दुकानदार आपणहून सांगत नाहीत, विचारावं लागतं. आणि रात्री चार्जिंगला लावायच्या आधी पिनच्या जागेवर कोरडं फडकं फिरवा, ओल्या हाताने चार्जर लावू नका. आईला हे रोज सांगावं लागतं आणि ती रोज म्हणते, "ठाऊक आहे मला, तू तुझी जाहिरात लिही."